न्या ओब्दुलियाच्या गाडीतला पोम्बेरो

गावच्या जुन्या पोस्टमास्तरांच्या अंत्ययात्रेत न्या ओब्दुलियाच्या, म्हणजे ओब्दुलियाबाईच्या, गाडीने चर्चपासून दफनभूमीपर्यंत सबंध वाट हॉर्न वाजवला, तेव्हाच सगळ्यांनी ठरवून टाकलं की तिच्या गाडीत पोम्बेरो शिरलाय. पोस्टमास्तर हयातीत ठार बहिरे होते, त्यामुळे त्यांची तक्रार असण्याचं काही कारण नव्हतं. पण त्यांच्या बायकोने फुलं वाहता वाहता न्या ओब्दुलियाकडे असं काही बघितलं की बिचारीची आठ दिवस जेवणावरची वासना उडाली.

पोम्बेरो हा आमच्याकडचा जुना उपद्व्यापी. ठेंगू, केसाळ, झाडीतून शिट्ट्या मारणारा. त्याच्यासाठी तंबाखू आणि उसाची दारू ठेवली की त्याची समजूत पटते म्हणतात. न्या ओब्दुलियाने तीन दिवस डॅशबोर्डवर दोन्ही ठेवून पाहिलं. तंबाखू तसाच राहिला. दारू मात्र रोज दोन बोटं कमी व्हायची, आणि तिचा नवरा आईची शपथ घेऊन सांगायचा की आपण गाडीच्या आसपासही फिरकलो नाही. गाडी काही सुधारली नाही. भर उन्हात वायपर फिरायचे. हमरस्त्यावर गिऱ्हाईक बघून ती खाली उतरली की मागे खटाखट चारी दारं लॉक व्हायची, किल्ली आत, चिपाची टोपलीही आत. चिपा म्हणजे आमचे चीजचे पाव, ते गरम आहेत तोवरच खपतात. काचेतून आपलीच टोपली निवताना बघत उभं राहायचं म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक.

शेवटी गुरुवारी सकाळी तिने गाडी सुनिल्दाच्या गॅरेजात आणली.

“पोरी, हिला एक तर बरी कर, नाहीतर फादरला बोलावून पाणी तरी शिंपड,” ती उतरता उतरता म्हणाली. “शनिवारी चौकातला बाजार आहे. मला गाडी पाहिजेच.”

“पाणी आधीच बरंच शिंपडलेलं दिसतंय,” थोड्या वेळाने सुनिल्दा आतून म्हणाली.

ती उजव्या सीटच्या पुढ्यात आडवी होऊन, तोंडात टॉर्च धरून बोलत होती. पायाशी असतं ते बाजूचं प्लास्टिकचं झाकण तिने काढलं होतं आणि आत हाताएवढी एक काळी पेटी दिसत होती. हेच गाडीचं बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिन आणि ब्रेक सोडले तर दिवे, हॉर्न, वायपर, लॉक, काचा असला सगळा घरसंसार ते बघतं. पेटीच्या खालच्या कडेला हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, आणि बाजूच्या गालिच्यावर एक गोल डाग होता.

“न्या ओब्दुलिया, तेरेरेचा थर्मास कुठे ठेवता तुम्ही?”

“कुठे म्हणजे? इथेच, पायाशी. हात लांबवला की मिळतो.”

“झाकण नीट लागतं?”

“एवढं काही नीट नाही. वळणावर जरासं सांडतं. का गं?”

“तुमचा पोम्बेरो थर्मासातून येतो.”

न्या ओब्दुलियाला हे पटलं नाही. तेरेरे हे आमचं रोजचं पेय, वनस्पतीच्या पाल्यावर बर्फाचं पाणी ओतून नळीने ओढायचं. बर्फाचं पाणी सांडून गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या असत्या, तर या देशात कुणालाच झोप लागली नसती, असं तिचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण या गाडीची गोष्ट वेगळी होती. ही जपानहून आलेली वापरलेली स्टेशन वॅगन, मुळात उजव्या हाताची. अशा गाड्या चिलीच्या बंदरात उतरतात, डोंगर ओलांडून आमच्याकडे येतात आणि इथे कुणीतरी त्यांचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे बसवतं. स्टिअरिंग सरकतं, पेडल सरकतात, पण मॉड्यूल जिथल्या तिथे राहतं. जपानात ते ड्रायव्हरच्या पायाशी होतं, तिथे कोण थर्मास ठेवणार? इथे ती जागा सोबत्याची झाली, आणि सोबतीला आमच्याकडे आधी थर्मास बसतो, मग माणूस.

“मॉड्यूल गेलंय. दुसरं टाकावं लागेल,” सुनिल्दा उठत म्हणाली. “मेलान्योच्या भंगारात अशीच एक गाडी कालच आलीय. तिच्यातलं काढून आणते. दोन तासांचं काम. उद्या दुपारी घेऊन जा.”

हे ‘दोन तासांचं काम’ तिने जरा मोठ्यानेच म्हटलं. दहा पावलांवर आंब्याखाली खुर्ची टाकून तिचे वडील बसले होते, त्यांना ऐकू जावं म्हणून. कराई एलिहिओंनी, म्हणजे एलिहिओरावांनी, मान वर केली नाही. त्यांनी आपल्या थर्मासातून आपल्या शिंगाच्या पेल्यात पाणी ओतलं, आपल्या नळीने ओढलं, आणि रस्त्याकडे बघत बसले.

चार महिने हे असंच चाललं होतं.

कापियाताच्या या भागात उजव्या गाड्या डाव्या करण्यात कराई एलिहिओंचा हात धरणारा कुणी नव्हता. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. आता नव्या नियमांमुळे तसल्या गाड्या फारशा येत नाहीत, आणि वायरिंगचं काम केव्हाच सुनिल्दाच्या हातात आलंय. पण नोव्हेंबरपर्यंत ते रोज टेबलापाशी असायचे. मग एके दिवशी एका टेम्पोची तपकिरी वायर लाल समजून त्यांनी जोडली. धूर निघाला, फ्यूजचा डबा वितळला. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. सुनिल्दाला तेव्हा काय माहीत? उन्हाने डोकं तापलेलं, तीन गिऱ्हाइकं उभी, आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, “पापा, ठेवा तो पाना. तुम्ही करायचं आणि मी निस्तरायचं, किती दिवस? जा, आंब्याखाली बसा.”

त्याच वेळी तेरेरेची फेरी चालू होती. सुनिल्दाच पाणी ओतून एकेकाला तोच पेला देत होती. पापांची पाळी आली. त्यांनी शांतपणे पेला घेतला, पूर्ण ओढला, तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, “ग्रासियास.”

आभार मानले, इतकंच. पण तेरेरेच्या फेरीत आभार मधेच मानत नाहीत. पेला मुकाट्याने परत द्यायचा, तो भरून पुन्हा येतो. ‘ग्रासियास’ म्हटलं की माझं झालं, आता मला धरू नका. त्या दिवसानंतर पापांनी सुनिल्दाच्या हातचा पेला घेतला नाही. स्वतःचा वेगळा थर्मास विकत आणला. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला बसले की ‘मीठ दे हं, बाळा’, दवाखान्यात नेलं तेव्हा ‘तुला उगाच त्रास’. फेब्रुवारीत तिनेच त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवून आणलं, पट्टी काढली, थेंब घातले. सगळ्याला ते नम्रपणे हो म्हणाले. हा नम्रपणाच तिला खात होता. आयुष्यभर ज्या माणसाने तिच्या प्रत्येक कामात खोट काढली, तो आता पाहुण्यासारखा वागत होता. त्यांनी एकदा तरी कडकडून ओरडावं, असं तिला रोज वाटायचं.

माफी मागावी, हेही तिला रोज वाटायचं. पण वाटणं आणि तोंडातून निघणं यांच्यात आंब्यापर्यंतची दहा पावलं होती, आणि बाई बापासारखीच हट्टी.

मेलान्योकडून आणलेलं मॉड्यूल चांगलं निघालं. लेबलवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळत होता. शुक्रवारी सकाळी तिने बॅटरीची निगेटिव्ह काढली, जरा वेळ जाऊ दिला, तीन कनेक्टर सोडवले, दोन बोल्ट काढले, जुनं काढून नवं बसवलं, पुन्हा सगळं जोडलं. मग लॅपटॉप लावून गाडीला तिच्या दोन्ही किल्ल्यांची नव्याने ओळख करून दिली. हॉर्न गप्प. वायपर जागच्या जागी. घड्याळात पाहिलं तर दोन तासांना दहा मिनिटं कमी होती. ती मनातल्या मनात शीळ घालत बाहेर उतरली, दार लावलं आणि किल्लीचं बटण दाबलं.

टक.

आवाज पलीकडून आला. ड्रायव्हरचं दार बंदच राहिलं आणि उजवीकडचं उघडलं.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ड्रायव्हरचं दार किल्लीने उघडलं तर आतला दिवा लागेना. पलीकडचं उघडलं की लागे. बेल्ट सोबत्याने लावला नाही तर गाडी ड्रायव्हरवर चिडत होती, आणि ड्रायव्हरचं दार सताड उघडं असलं तरी डॅशबोर्ड निवांत. गाडीला वाटत होतं की ती अजून जपानात आहे आणि मालक उजवीकडे बसलाय.

सुनिल्दाने मान वळवली. आंब्याखाली पापांनी पेला ओठांपासून दूर धरला होता. त्यांची मान गाडीकडे होती. लॉकचा ‘टक’ कुठल्या बाजूने आला हे त्यांना तीस पावलांवरून कळलं असतं, इथे तर दहाच होती. दोघांची नजरानजर झाली. त्यांनी पटकन पेला तोंडाला लावला.

त्यांना कळलंय, आणि आपल्याला कळलंय हे मलाही कळलंय हेसुद्धा त्यांना कळलंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्या परिस्थितीतही हसू फुटलं.

आता हे असंच दिलं तर चालेल का? न्या ओब्दुलिया चिपाचे पैसे डाव्या हाताने घेते आणि उजव्या सीटवरच्या डब्यात टाकते. सिग्नलला मोटरसायकलवाले उजव्या बाजूनेच घुसतात. तिने बटण दाबलं की नेमकं त्यांच्याच बाजूचं दार उघडणार. म्हणजे पोम्बेरो काढून चोरांना आमंत्रण दिल्यासारखं. छे, असं नाही देता येत.

जुन्या मॉड्यूलबरोबर सगळं नीट चालायचं, म्हणजे गाडी फिरवली तेव्हा डावं-उजवं कुणीतरी कुठेतरी अदलाबदल केलं असणार. कुणीतरी म्हणजे कोण, हे डॅशबोर्डच्या शिवणीवरून उघड होतं. इतकं साफ काम या भागात एकाच माणसाचं. पण अदलाबदल कुठे केली? इतर गॅरेजवाले सरळ वायरिंग कापतात, तारा उलटसुलट जोडतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. सुनिल्दा दुपारपर्यंत कनेक्टरपासून दारापर्यंत तारेचा बोट न् बोट चाचपत राहिली. एक कट नाही, एक टेप नाही, कंपनीतून आली तशी वायरिंग. कनेक्टरच्या पिनाच बदलून बघाव्यात म्हटलं, तर एक पिन जाड, दुसरी बारीक, एकमेकींच्या घरात बसेनात. कटर हातात घेतला आणि ठेवून दिला. ‘गाडीची वायरिंग कापायची नाही. आपण तिला फिरवतो, फाडत नाही,’ हे पापांचं वाक्य तिने दहाव्या वर्षापासून ऐकलं होतं. चार महिने ते बोलत नव्हते म्हणून वाक्य थोडंच बदलतं?

दुपारी न्या ओब्दुलिया आली. रिकाम्या हाताने नाही, कापडात गुंडाळलेले चिपा घेऊन.

“झाली?”

“नाही.”

“दोन तासांचं काम होतं ना?”

“होतं,” सुनिल्दा म्हणाली. “आता जास्तीचं आहे.”

“मी म्हटलं नव्हतं? तो असा जात नाही. नव्या पेटीतही शिरला असेल.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “बापाला विचारलंस का?”

सुनिल्दा कटर पुसत राहिली. न्या ओब्दुलियाने आंब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि ‘अगं बाई, दोघं गाढवं’ असं अगदी प्रेमाने पुटपुटून अर्धे चिपा टेबलावर आणि अर्धे म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवून ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून गेली.

चिपा खाता खाता सुनिल्दाने जुनी पेटी हातात घेतली. तसंही ती फेकायचीच होती. कडेला पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून तिने झाकण उचकटलं आणि आत बघितलं.

एका कोपऱ्यात पाण्याने सगळं खाऊन टाकलेलं, हिरवं, पांढरं. पण कनेक्टरच्या मुळाशी, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे केसासारख्या आठ तारा. मधले तांब्याचे रस्ते पात्याने कापलेले आणि डाव्याचं उजव्याला, उजव्याचं डाव्याला असे चार जोड अलगद ओलांडून नेलेले. सोल्डरचा प्रत्येक डाग दाण्याएवढा, एकसारखा, चमकदार. आणि त्या सगळ्यावर, तारा हलू नयेत म्हणून, एक जाड थर फासलेला. नेलपेंटचा. चेरीसारखा लाल, वर चमचम.

सुनिल्दाच्या हातातला चिपा तसाच राहिला.

ती बाटली तिला चांगली आठवत होती. एकोणीस वर्षांची असताना तिने आसुन्सिओनला जाऊन पहिल्या कमाईतून घेतलेली. महिनाभरात गायब झाली. तिने मावसबहिणीवर आळ घेतला होता, झिंज्या ओढेपर्यंत भांडण गेलं होतं, आणि त्या वेळी पापा शेजारीच बसून मन लावून वर्तमानपत्र वाचत होते. बहीण आजही लग्नाकार्यात ती गोष्ट काढते.

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. अठरा वर्षं ही गाडी तिच्या डोळ्यांदेखत हमरस्त्यावर फिरत होती. अशा आणखी किती फिरत असतील? कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, पेटीच्या आत, त्या माणसाने इतकं नीट काम केलं आणि तिलासुद्धा सांगितलं नाही. आणि त्याला तिने चारचौघांत म्हटलं होतं, तुम्ही करायचं आणि मी निस्तरायचं.

ती उघडी पेटी घेऊन उठली. दहा पावलं चालून गेली आणि खुर्चीपुढे उभी राहिली.

“पापा, मला जमत नाहीये.”

कराई एलिहिओंनी पेटी घेतली. ऑपरेशन झालेला डोळा उघडा ठेवून दुसरा मिटला, पेटी उन्हाकडे तिरपी धरली. बराच वेळ बघत राहिले.

“आतून केलं होतं होय,” ते म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाचं काम बघतायत.

“बाटली माझी होती.”

“दुकानात तारांवर लावायचं लॅकर मिळेना त्या आठवड्यात.” पेटी तिच्या हातात देत ते म्हणाले, “परत ठेवणार होतो. संपली.”

“बिचाऱ्या निल्साच्या मी झिंज्या उपटल्या होत्या!”

“बघितलं होतं मी,” ते गंभीरपणे म्हणाले. “मधे पडलो असतो तर माझ्या उपटल्या असत्यास.”

त्यांनी मांडीवरचे चिपाचे कण झटकले, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि गॅरेजकडे चालू लागले. चार महिन्यांनी टेबलापाशी आले. टेबलावरच्या वस्तूंवरून एकदा हात फिरवला, तिने पकड डावीकडे ठेवली होती ती उचलून उजवीकडे ठेवली. सुनिल्दाने ती तिथेच राहू दिली.

नवं मॉड्यूल तिने गाडीतून काढून आणलं, झाकण उघडलं. जुनं शेजारी ठेवलं. पापा जुन्यावर बोट ठेवून सांगू लागले, हे दाराच्या दिव्याचं, हे लॉकच्या मोटारीचं, जाड तार घे त्याला, हे बेल्टचं, हे कुलूप लागलं की नाही ते सांगणारं. पहिला जोड त्यांनी स्वतः केला. सोल्डरिंगची सळई त्यांच्या हातात पहिल्यांदा जराशी हलली, त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, श्वास धरला, आणि डाग बसला. एकसारखा, चमकदार. त्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. उगाच नाही, नव्या डोळ्याने पहिल्यांदाच दिसत होता.

“आता तू,” म्हणून त्यांनी सळई तिला दिली.

दुसऱ्या जोडावर वाकलेली असताना सुनिल्दा मान वर न करता म्हणाली, “त्या दिवशी मी बोलले ते फार वाईट बोलले, पापा. लोकांसमोर. मला तेव्हापासून चैन नाही.”

पापांनी जुन्या पेटीतल्या लाल थरावरून अंगठा फिरवला.

“वायर मीच चुकवली होती,” ते म्हणाले.

“ते असू दे. दिसत नव्हतं तुम्हाला. मी असं बोलायला नको होतं.”

“तो बारीक चिमटा दे इकडे,” ते म्हणाले. “आणि डाग एवढा जाड नको. हे काय, भिंतीला गिलावा करतेस?”

सुनिल्दाला इतकं बरं वाटलं की तिने तो डाग मुद्दाम आणखी जाड करावा की काय असा क्षणभर विचार केला. पण नाही केला. पातळ केला.

चौथा जोड झाला तेव्हा ते म्हणाले, “आता वर लावायला काहीतरी हवं.” सुनिल्दाने पर्समधून बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. निळा होता, आकाशी. पापांनी तो उन्हात धरून बघितला, नाक मुरडलं.

“लाल नाही?”

“लाल कुणीतरी संपवला.”

त्यांनी इवल्याशा ब्रशने आठही तारांवर निळा थर दिला, अगदी सावकाश, एखाद्या बाईला नखं रंगवून द्यावीत तसा. वाळू दिला. झाकण लावलं. सुनिल्दाने बोल्ट आवळले, कनेक्टर टक्क आवाज होईपर्यंत दाबले, बॅटरी जोडली. या वेळी पेटीवर रबराचा एक तुकडा कापून छपरासारखा बसवला, कारण न्या ओब्दुलिया आणि तिचा थर्मास दोघंही सुधारतील यावर दोघांचाही विश्वास नव्हता.

“दाब,” पापा म्हणाले. ते डाव्या दाराशी कान देऊन उभे होते.

टक.

डावीकडे. दार उघडलं, आतला दिवा लागला. बेल्ट, डॅशबोर्ड, सगळं आपापल्या बाजूला. पापांनी दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. एवढं मोठं हसू त्यांच्या चेहऱ्यावर सुनिल्दाने डोळ्याची पट्टी काढली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पाचच्या सुमारास न्या ओब्दुलिया आली. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बटण आठ वेळा दाबून पाहिलं, मग आत बसून हॉर्न वाजवला आणि तो हात काढल्यावर थांबतो हे बघून छातीवर क्रूस काढला.

“निघाला कसा तो?” तिने विचारलं.

“निळा रंग लावला,” पापा म्हणाले. “निळ्याला फार भितो.”

“हे मला कुणी कसं सांगितलं नाही आजवर!” न्या ओब्दुलिया खरोखर चकित झाली. “दारू फुकट गेली की सगळी.”

“सगळी कुठे फुकट गेली,” पापा म्हणाले. “तुमच्या घरात विचारा.”

ती गेल्यावर उन्हं कलली होती. आंब्याखाली सावली लांब झाली होती. सुनिल्दाने घरात जाऊन पुदिना आणि गवती चहा खलबत्त्यात कुटला, मोठा थर्मास भरला, बाहेर आणून स्टुलावर ठेवला. पहिला पेला ओतणाऱ्याने प्यायचा असतो, तो ती प्यायली. मग पुन्हा भरला. पापा खुर्चीत बसले होते, त्यांचा स्वतःचा थर्मास पायाशी होता. तिने पेला त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी पेल्याकडे बघितलं. मग घेतला. नळी तोंडात धरून सावकाश ओढू लागले. रस्त्यावरून एक बस गेली. तळाशी घर्र घर्र वाजेपर्यंत त्यांनी ओढलं. सुनिल्दाला वाटलं, आता. आता ते तोंड उघडतील आणि ‘ग्रासियास’ म्हणतील. पेला परत देत त्यांनी खरंच तोंड उघडलं.

“कोमट झालंय हे,” ते म्हणाले. “तुला पाणी गार करायलासुद्धा येत नाही का गं अजून? पुढच्याला बर्फ घाल.”

सुनिल्दा बर्फ आणायला घरात धावली. पुदिन्याचा वास अजून तिच्या बोटांना होता. फ्रिज उघडून तिने बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला आणि एक खडासुद्धा मागे ठेवला नाही.